पाच लिटरचा एक किलो

पहाटे चारला भट्टी पेटते
भूमच्या बाहेर, पाथरूड रस्त्याला.
कढईत म्हशीचं दूध, मोटरीवर फिरणारं उलथणं,
आणि माझ्या मोबाइलवर फिरणारं एक गोल चाक.
आमचंच दुकान. आम्हालाच उघडत नाही.

मी मोजते. एक. दोन. तीन.
चारला हैदराबादची बाई निघून गेली असणार.
पाचला सोलापूरचा हलवाई.
सहाला गायीची शिंगं उगवतात,
सातला बाकीची गाय,
आणि खव्याचा भाव दिसतो नवाला,
तेव्हा बघायला मी एकटीच.

गाय कामून? आमच्याकडं सगळ्या म्हशी.
पण पुण्याच्या कंपनीनं बासरीसकट दिली होती गाय,
एकोणीस एमबीची, अशा हिरव्या कुरणात
जसलं हिरवं आमच्या तालुक्यानं पाहिलेलं नाही.
चाळीस हजार घेतले. पावती मात्र लगेच दिली.

दैवशालाकाकू पदरानं कपाळ पुसत विचारते,
"मालात खोट हाय का?"
नाही.
"भावात?"
नाही.
"मग गिऱ्हाईक कुटं अडायलंय?"
दारात, काकू. दार उघडेपर्यंत थांबत नाही.
"किती येळ थांबतंय?"
तीन सेकंद.
ती हसतच सुटली.
एसटीची वाट बघण्यात अर्धा जन्म गेलेली बाई.

मग तिला दाखवलं:
'भूमचा खवा' असं शोधलं की सगळ्यात वर
तो नगरचा व्यापारी येतो,
दर मंगळवारी आपल्याकडूनच चाळीस किलो नेणारा.
त्याचं पान पापणी लवायच्या आत उघडतं.
आपण तिसऱ्या पानावर,
तिथं कुणी वाट चुकूनसुद्धा येत नाही.

"म्हंजी ते यंत्र खवा चाखत न्हाई?"
न्हाई. बरंच काय काय बघतं, सगळं मलाही ठाऊक नाही,
पण दाराची कडी किती वेळ कुरकुरते
तेवढं नक्की ऐकतं.

काकू कढईकडं वळली.
दूध आता रटरटत होतं, कडेला पिवळसर साय धरत होती.
पाठमोरीच म्हणाली,
"एका फोटूचं वजन किती म्हणलीस, सत्ये?"
सहा एमबी.
"अन् असले किती?"
बावीस.
"मग आटव की. पाच लिटरचा एक किलो व्हतो,
चव कुटं जाती त्याची?"

त्या रात्री मी आटवत बसले.
आधी गाय सोडून दिली, बासरी बंद केली.
पेढ्याचे फोटो, डब्यांचे, भट्टीचे,
सहा एमबीचे साठ केबी, एकेक.
धूर थोडा विरला, बाकी काही बिघडलं नाही.

शेवटी काकांचा फोटो उरला.
पहिल्या कढईशेजारी उभे, बाही दुमडलेली,
मनगटावर चटक्याचा डाग.
सगळ्यात जड तोच होता.
"ह्यास्नी किती आटवायचं?" काकू मागं कधी येऊन उभी राहिली
कळलंच नाही.
मी एकदा कमी केला. अजून एकदा.
चेहरा राहिला. मिशी राहिली.
डाग गेला.
काकू मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली,
मग म्हणाली, "चालंल. गिऱ्हाईकाला काय करायचाय त्यो."

आता पान दोन सेकंदांत उघडतं.
शोधात आम्ही दुसऱ्या पानावर, खालून तिसरे.
नगरवाला वरच आहे अजून,
मंगळवारी येतो, चहा घेतो, चाळीस किलो नेतो.
पण परवा रात्री बाराला उमरग्याच्या कुणीतरी,
नेटवर्कच्या एका काडीवर,
दोन किलो मागवला.

खवा उतरला की कढईच्या तळाला खरवड उरते.
ती आम्ही विकत नाही.
काकांचा मूळ फोटो, अकरा एमबीचा, डागासकट,
पेनड्राइव्हमध्ये आहे,
आणि पेनड्राइव्ह काकूच्या साखरेच्या डब्यात.
तो उघडायला कितीही वेळ लागो,
ती थांबते.