बासी ईदेची बार्ज

कोल्दो आला तेव्हा ड्रेजरचं पोट फाटलेलं होतं.
मालकांचा माणूस, बिल्बाओचा. टॉर्च घेऊन टाकीत उतरायचा
आणि माझ्या सांध्यावरून बोट फिरवायचा,
आई पोराच्या डोक्यात ऊ शोधते तसा.
"खलफे" म्हणायचा, घशातून, नीट.
हिद्दच्या गोदीत माझं नाव असं घेणारे दोघेच,
गेटवरचा बहारिनी जमादार आणि हा.

रमजान होता. वेल्डिंग रात्रीचं.
इफ्तारीनंतर पत्र्याच्या शेडखाली चहा
आणि कोल्दोचा क्लब.
आमच्या नाट्याचे म्हातारे
बुडालेल्या गलबताची गोष्ट सांगतात, तसा तो सांगे :
नदीकाठी आधी इंग्रज आले, खाणीचे, गोदीचे,
भोंगा झाला की चिखलात चेंडू.
लाल-पांढरे शर्ट म्हणे बोटीतूनच आले,
निळे पुरेसे मिळेनात म्हणून.
मैदान एका संताच्या नावाचं,
ज्याला सिंहांपुढे टाकलं आणि सिंहांनी शिवलं नाही.
पहिल्यांदा येणारा पाहुणा संघ
एका जुन्या खेळाडूच्या पुतळ्यापाशी फुलं ठेवतो, मगच खेळतो.
"दर्ग्यासारखं," मी म्हटलं.
त्याने मान हलवली. दर्गा म्हणजे काय, विचारलं नाही.

मला आवडली ती कमान.
जुन्या स्टँडवरची पोलादी कमान त्यांनी मोडीत घातली नाही,
सरावाच्या मैदानावर नेऊन उभी केली.
"किती टन?" मी विचारलं.
कोल्दो हरखला. इतक्या वर्षांत
हे कुणी विचारलं नव्हतं.
त्यालाही माहीत नव्हतं.

मग मॅचचा दिवस. पाऊस असतोच.
गल्लीत छोटे पेले घेऊन माणसं दारोदार,
आज्या गळ्यात लाल-पांढरे रुमाल बांधून,
नातवंडांना पुढे ढकलत.
"आत गेलं की ओल्या गवताचा वास," तो म्हणाला
आणि गप्प झाला. बाहेर अडतीस डिग्री,
वितळलेल्या फ्लक्सचा वास.

आणि तो नियम :
संघात फक्त त्यांच्या मातीतले.
मी चहाचा पेला खाली ठेवला.
एकोणीस वर्षं झाली मला इथे,
दर दोन वर्षांनी शिक्का, दर दोन वर्षांनी रक्त तपासतात.
मातीचं मला नका सांगू.
"तिथे जन्मलेला," कोल्दो म्हणाला, "किंवा तिथे खेळ शिकलेला."
दोन भाऊ आहेत संघात,
त्यांचे आईबाप वाळवंट पायी तुडवून आले होते.

शिकलेला.
मी हातांकडे बघितलं.
हे तर हिद्दलाच शिकले,
सतरा नंबरच्या धक्क्यावर, बशीर उस्तादाच्या शिव्या खात.

फायनल सत्ताविसाव्या रात्री.
मेसमध्ये एक लॅपटॉप, अकरा माणसं,
त्यातला एकच बिल्बाओचा.
एक-एक. जादा वेळ. मग पेनल्टी.
कोल्दो पाठ करून उभा राहिला, भिंतीकडे तोंड,
आम्ही सांगू तेवढंच ऐकत :
गेला. गेला. त्यांचा अडवला. गेला. त्यांचा बाहेर.
शेवटचा गेला तेव्हा
पन्नाशीचा तो माणूस जमिनीवरच बसला.
मागच्या वेळी तो नऊ वर्षांचा होता, बापाच्या खांद्यावर,
नदीकाठी, बार्ज बघत.
त्यानंतर बार्ज हललीच नव्हती.
कोणी काही बोललं नाही.
थोड्या वेळाने सहरीचं बोलावणं आलं,
त्याच्याही पुढ्यात डाळ-चपाती वाढली. तो जेवला.

बासी ईदेला त्याचा व्हिडिओ आला.
नदी, धूर, दोन्ही काठांना माणसंच माणसं,
मधून ती बार्ज, वर पोरं नाचताहेत, करंडक.
मी बघत होतो वॉटरलाइन.
पुढे डाव्या अंगाला एक ठिगळ असावं असं वाटलं,
घाईचं. थांबवून, मोठं करून बघितलं.
लिहिलं : टाका बरा आहे,
रंगाआधी घासायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी उत्तर :
"पुढच्या वेळी तू कर, खलफे."

पुढची वेळ म्हणजे कधी, मी हिशोब मांडला नाही.
माझा शिक्का जूनमध्ये संपतो.
पातेल्याच्या तळाशी शीरखुर्मा उरला होता,
तो गरम केला, उभ्यानेच खाल्ला.