यातून चांदी निघते

कोपरखैरण्याला, आमच्या माथाडी वसाहतीत
रविवारी अकराच्या सुमाराला यासीन येतो.
भंगार म्हणून ओरडत नाही.
सायकलची घंटा दोनदा वाजवतो आणि जिन्याखाली उभा राहतो.
रद्दी, बाटल्या, तेलाचे डबे
सगळेच देतात, त्याचं त्याला कौतुक नाही.
तो विचारतो,
भंगार म्हणूनसुद्धा जे तुमच्या लक्षात येत नाही
असं काही आहे का?

मी फ्रिजवरची परडी त्याच्यापुढे उलटी केली.
अकरा चाव्या, एकीचंही कुलूप घरात नाही.
बारीक पिनेचा चार्जर.
लग्नपत्रिका, त्यातली दोन लग्नं मोडलीसुद्धा.
गोळ्यांची रिकामी पाकिटं,
एकेक खळगा आईच्या अंगठ्यानं आत दाबलेला.
एका काडीचा चष्मा.

यासीननं चावी नखानं खरवडली.
ही पितळेची.
ही नुसता मुलामा.
माणसांबद्दल एवढ्या झटकन
मला कधी सांगता आलेलं नाही.

मग म्हणाला, एक्स-रे असतील बघा.
कपाटामागं. सगळ्यांच्या घरी कपाटामागंच असतात.

कपाटामागंच होते.
वाशीच्या दवाखान्याचं खाकी पाकीट,
कोपरा झुरळांनी कुरतडलेला.
सर्जेराव बापू नलवडे. वय अंदाजे चौपन्न.
(अंदाजे, कारण गावातल्या शाळेचा दाखला
त्यांनी कधी आणलाच नाही.)

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं
ट्रकपासून गाळ्यापर्यंत, गाळ्यापासून ट्रकपर्यंत.
डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली होती,
पेन्सिलीनं दाखवलं होतं,
हा मणका बघा, हा खालच्यावर बसलाय.
अण्णा म्हणाले,
बसू द्या की साहेब.
मला कुठं बसाय मिळालं?

पुढं ग्रहण आलं तेव्हा
चाळीतली झाडून सगळी पोरं
अण्णांच्या बरगड्यांमधून सूर्य बघून गेली.
डोळ्यांना वाईट असतं ते, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.
अण्णा दारात उभे,
रांग लावा म्हणत होते, ढकलाढकली नको,
सगळ्यांना मिळंल.

सहा आहेत, मी म्हटलं.
यातून चांदी निघते, यासीन म्हणाला.
किती?
नखावर मावंल, तेवढीपण नाही. लई माणसांचे गोळा करावे लागतात.
आणि मग?
मग धुतात. फोटो जातो.
कोरं प्लास्टिक राहतं, काचेसारखं.
मिठाईच्या खोक्याला खिडकी करतात त्याची,
नाहीतर नव्या सदऱ्याच्या कॉलरीत घालतात,
ताठ उभी राहावी म्हणून.

मी एक फिल्म खिडकीकडं धरली.
मागे समोरच्या बिल्डिंगचा जिना,
पुढे अण्णांचा कणा,
दोन्ही एकाच बाजूला कललेले.
यांच्या अंगावर कॉलरचा सदरा मी
फक्त माझ्या लग्नात पाहिला होता,
आणि तोही मानेला टोचतो म्हणून
जेवणाच्या पंगतीआधी काढलेला.

आई आत मेथी निवडत होती.
इतका वेळ एक शब्द नाही.
तिथूनच विचारलं,
कुठं नेतोस रं ते?

तुर्भ्याला, यासीन म्हणाला.

आईच्या हातातली काडी मोडली,
पानं एका बाजूला, देठ एका बाजूला.
मग ने,
म्हणाली.
त्यांस्नी वाट ठाव हाय.

काट्यावर सहाही फिल्म ठेवल्या तरी
पारडं नीट खाली जाईना.
चाव्या, पाकिटं, चार्जरची तांब्याची तार धरून
सगळे मिळून सव्वीस रुपये झाले.
पत्रिका रद्दीत गेल्या.
चष्मा यासीननं परत दिला,
याचं काही होत नाही, ताई.

आई पदराला हात पुशीत बाहेर आली.
तो चष्मा उचलला,
आहे त्या एका काडीनं कानाशी अडकवला,
दुसरी बाजू बोटानं धरली,
आणि नाणी उजेडाला नेऊन
एकेक करून मोजली.

दिसतं की यातनं,
म्हणाली.