खालच्या मजल्यावरचा स्पंज

याब्लोनेत्सच्या काच कारखान्यात
एकतीस वर्षं मी झुंबरांचे लोलक पुसले.
बोटाचा ठसा सापडला की पगारातून कापायचे.
तेव्हा नव्या टाकीची काच मी कशी पुसली असेन
सांगायला नको.
वाळू अकरा पाण्यांनी धुतली, दगड उकळले,
नळाचं पाणी दोन दिवस बादलीत बसवून ठेवलं
क्लोरीन उडून जावं म्हणून,
आणि शनिवारी लिबेरेत्सहून
कोटाच्या आत पोटाशी धरून
सात निऑन आणले.
बाहेर उणे नऊ.
ट्रॅमभर मी पिशवीवर श्वास सोडत होते.

पिशवी तरंगत ठेवली, पेल्यापेल्यानं पाणी मिसळलं,
दिवा मालवला.
सगळं रीतसर.

सोमवारी एक.
बुधवारी आणखी एक, फिल्टरच्या जाळीला चिकटलेला,
अंगावरची निळी रेघ विझलेली.

दुकानातली पोरगी फोनवर म्हणाली,
पाणी स्वच्छ आहे ना?
लोलकासारखं, मी म्हटलं.
तेच तर, ती म्हणाली.
मासे जे टाकतात
ते खाणारं कुणीतरी आधी पाण्यात राहायला यावं लागतं,
डोळ्यांना न दिसणारं.
महिना लागतो. कधी दीड.
पाणी मुरायला हवं, आजी.
तोवर रोज पाव टाकी बदला,
खाणं चिमटीच्याही चिमटीएवढं, दिवसाआड.
नाहीतर कुणाच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज आणा.
ओळखीत आहे कुणी?

ओळखीत.
खालच्या मजल्यावर हाव्रानेक आहे.
त्याच्या खिडकीत टाकी आहे, म्हणजे असावी,
शेवाळामागे काहीतरी हलतं.
जिन्यातल्या त्याच्या सायकलीवरून
अकरा वर्षं आम्ही एकमेकांना
पाण्यात पाहतो.

रात्री नळीत थेंब टाकले, मोजून आठ.
पिवळं राहायला हवं होतं.
हिरवं होत गेलं,
आम्ही निर्यातीसाठी पाडायचो त्या खड्यांसारखं
सुंदर हिरवं.
टाकीत पाच जण वर येऊन
हवेला तोंड लावत होते.

सपाता घातल्या. सायकल ओलांडली.
बेल दाबली.

सायकलचं असेल तर उद्या, तो दारातूनच म्हणाला.
सायकलचं नाही.
माझे मासे मरतायत.

तो काही बोलला नाही.
बाही न सारताच कोपरापर्यंत हात टाकीत घातला
आणि उपसून काढला
तपकिरी, निथळता,
पानगळीतल्या तळ्याचा वास येणारा गोळा.
काकडीच्या लोणच्याच्या बरणीत घालून दिला.
नळाखाली धरू नका, म्हणाला,
तुमचा हात धुण्याचा आहे म्हणून सांगतो.

बरणी गळकी होती.
दोन जिने भरून थेंब पडले.
कुणी पुसले नाहीत.

माझ्या पाण्यात तो पिळला तेव्हा
टाकीचा क्षणात चहा झाला.
एकतीस वर्षं हातात सळसळली, फडकं शोधत.
मी हात पाठीमागे धरून उभी राहिले
गाळ खाली बसेपर्यंत,
म्हणजे दोन वाजेपर्यंत.

शुक्रवारी अजून एक गेला.
खोटं कशाला सांगू.
त्याला कुंडीत पुरलं, जिरॅनियमखाली,
आणि बादल्या वाहत राहिले, रोज पाव टाकी,
मनगटानं पाणी जोखत, कोमट, अजून थोडं कोमट.

नळीतलं हिरवं फिकं होतंय.
आज तर कच्च्या लिंबासारखं म्हणता येईल,
उजेडाकडे धरलं तर.
काचेवर आतून साय धरली आहे, पातळ.
त्यातला धाकटा तिला चोच लावून बघतो.

सायकल तिथेच आहे.
जिन्यात भेटला की हाव्रानेक
नुसती भुवई उडवतो.
मी पिशव्या खाली ठेवते
आणि चार बोटं दाखवते.