कलम

पेटीवर नंबर माझा छापलेला होता.
बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून.
सतराशे पेट्या, प्रत्येकीच्या अंगावर हिरव्या शाईत
शिरवडकर बाग, जामसंडे, आणि खाली
माझे दहा आकडे.

त्यानं एप्रिलात दोन डझन मागवले.
पैसे वेळेवर. मग एक निरोप :
आंबे गोड होते, तुमच्यासारखे.
मी उत्तर दिलं नाही. गिऱ्हाईक बोलतं असं कधी कधी,
तोंडात रस असला की.

मग रोज. मग रात्री.
एक नंबर बंद केला की दुसरा फुटायचा,
बांडगुळासारखा, त्याच फांदीवर.
आज निळा ड्रेस. आज दिवा उशिरा मालवलास.
आणि जूनमध्ये माझ्या नावाचं, माझ्याच फोटोचं
एक खातं, जे मी उघडलं नव्हतं,
आणि जे अख्ख्या आवाठातल्या पोरांना
हाय म्हणत सुटलं होतं.

काकी म्हणाली, नंबर बदल.
भाऊ म्हणाला, फोटो कशाला टाकायचे मुळात.
ठाण्यातले साहेब म्हणाले, दुर्लक्ष करा,
आणि मग, पेनाचं टोपण न काढता :
आधीची ओळख होती का काही?
होती, म्हटलं. दोन डझनांची.

हसले नाहीत.

धुरींच्या झेरॉक्सवर एकशे चौदा पानं काढली.
रंगीत दहा रुपये, काळी दोन.
काळीच काढा म्हटलं, घाण रंगीत कशाला.
धुरींनी प्रत्येक पान निघताच
पालथं ठेवलं, गरम गरम,
आणि पैसे घेताना
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.
तेवढं पुरलं मला त्या दिवशी.

दुसऱ्यांदा बाबा आले बरोबर.
कुबल मॅडम होत्या ड्युटीवर. त्यांनी वाचलं सगळं,
ओळीवर बोट ठेवून, चहावर साय धरेपर्यंत.
म्हणाल्या, अठ्ठ्याहत्तर कलम लागेल.

बाबांनी अर्धंच ऐकलं.
"अठ्ठ्याहत्तर कलमां? खंय लावतल्यात?"
मॅडम हसल्या. मीही हसले,
दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही ठाण्यात.
एकच, बाबा, त्यांच्या कानाशी ओरडले,
पाठलागाचं. मोबाइलवरनं केलेलाही त्यात धरतात.
ते गप्प. मग स्टँडवर, एसटीची वाट बघताना :
"एक तर एक. लागाक व्हया पण."

लागणं म्हणजे काय ते त्यांना माहीत.
खुंटाला चीर, काडीला पाचर,
वरून पट्टी घट्ट, आणि मग हात मागे.
रोज सोडून बघणाऱ्याचं कलम जगत नाही.
मी श्रावणभर हात मागे ठेवले.
जबाब. पुन्हा जबाब. फोन तपासाला नेला,
त्याची पावती देवाच्या फळीवर, उदबत्त्यांच्या पुड्याखाली.

गणपतीच्या आधी तो सापडला.
पलीकडच्या वाडीतला, काजूच्या कारखान्यात वजनकाट्यावर.
मी त्याला ओळखलं नाही.
ते जास्त लागलं.

त्याची आई आली. खळ्यात उभी, पिशवीत दोन शहाळी.
"पोरगो आसा, चुकलो. मिटव गो बाय."
तिला पाणी दिलं. शहाळी परत दिली.
सही दिली नाही.
ती गेल्यावर गडग्याला धरून उभी राहिले कितीतरी वेळ,
माझेच पाय का थरथरतायत ते कळेना.

पुढची तारीख शिमग्यानंतर.
परवा पेट्या छापायला टाकल्या.
छापखानेवाल्यानं विचारलं, नंबर?
तोच.

काल रात्री साडेदहाला अनोळखी फोन.
हात गार पडला. अजून पडतो.
तीन रिंगा जाऊ दिल्या, मग उचलला.
सांगलीची कोणी बाई. यंदा मोहोर कसा आहे, म्हणाली.
थांबा हं, म्हटलं,
आणि बाहेर येऊन, कलमांवर बॅटरी मारून,
बघून सांगितलं.