तार

मंगळवारी कालिंदीताई पेणहून आली,
कोलंबी सोलली, बेसनात कालवली,
आणि माझ्या जुन्या गोल ओव्हनमध्ये
वरून खरपूस होईस्तोवर भानोलं लावलं.
"कढत असताना झाकू नकोस," म्हणाली,
"झाकणाला घाम येतो, तो खालीच टपकतो.
वड्या पाडून पसर. निवल्या की फ्रीजमध्ये,
पेपर वाचत विसरशील."
डब्यावर चिकटपट्टी लावली:
मंगळ, दुपार. शुक्रवारी उरलं तर टाकणे.
साडेपाचच्या गाडीने गेली.

मला वास येत नाही.
दोन वर्षांमागच्या तापात नाक गेलं,
म्हणजे आहे, चष्मा टेकवायला.
रेवदंड्याचा समुद्र आता नुसता आवाज करतो.
सुकट वाळत घातलेल्या गल्लीतून
मी देवळातून जावं तसा जातो.

बुधवारी रात्री सुरूची फांदी पडली,
खांबावरची तार तुटली.
फ्रीजचं दार मी उघडलं नाही, तेवढं कळतं.
पण लाईट आली सकाळी नऊला,
तोवर फरशीवर पाणी, डबा कोमट.

वडी मोडून बघितली. रंग तोच.
बुरशी नाही.
कडेची कोलंबी बुळबुळीत,
की माझंच बोट ओलं?
जिभेवर ठेवून बघावं, असं मनात आलं.
चाखून परीक्षा घेऊ नये, ताई म्हणते,
उलट तीच आपली घेते.

कुंपणापलीकडे चांगुणाबाय
बोंबील टांगत होती.
"जरा हुंगून सांग."
तिने हात पदराला पुसले, डबा घेतला नाही.
"रातभर लाईट नव्हती ना?
मंग नाकाला कशाला इचारतोस?"
तरी वाकली. दोन तुकडे धरून
सावकाश लांब केले.
"ही बग."

उन्हात एक तार,
केसाहून बारीक, चमकणारी,
क्षणभर ताणली, तुटली.

"मांजराला घालू?"
"त्याला बी पोट हाय."

नारळाच्या आळ्यात कोपरभर खड्डा खणला,
वर दगड ठेवला, कुत्र्यांसाठी.
डबा कढत पाण्याने दोनदा धुतला.
चिकटपट्टी निघाली नाही.

संध्याकाळी ताईचा फोन: कसं झालं होतं रे?
मी मंगळवारच्या चार वड्यांबद्दल बोललो.
फार कढत होत्या, म्हटलं.
बोटं भाजली.