तीन खाचा समोर

ट्रॅक्टरला दोरानं बांधून आणली लाल गाडी,
एवढी बुटकी, की वडनेरच्या कुत्र्यांना
तिच्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं
आणि ती आधी तिच्यावरच भुंकली.
मागून चांडकांचा यशोवर्धन उतरला,
एप्रिलचं ऊन डोक्यावर, चावी बोटात.
"आठ महिन्यांत दुसरी क्लचप्लेट, काका.
कंपनीच बेकार."

मी कंपनीला काही बोललो नाही.
दार उघडलं, वाकलो, पेडलचं रबर पाहिलं.

लोक इंजिनाला कान लावतात. मी रबर वाचतो.
समुद्रपूरच्या ॲम्ब्युलन्सचं मधोमध, पार लोखंडापर्यंत गेलेलं.
उघडे मॅडमच्या मारुतीत सँडलच्या टाचेएवढी वाटी.
स्कूलबसवाल्या सुखदेवचं नुसतं डावीकडून,
लहानपणी तापात पाय जसा राहिला तसंच.
एका पुढाऱ्याच्या जीपचं वीस वर्षांनीही कोरं:
ती निवडणुकीपुरतीच निघायची.

याच्या वरच्या रेघा शोरूममधल्या,
खालची कड तेवढी गुळगुळीत, चिंचोक्यासारखी.
म्हणजे अंगठा.
चवडा इथपर्यंत कधी आलाच नव्हता.

"बस आत. दाब."
तो बसला कसला, पडला:
पाठ मागे, हात लांब, हनुवटी वर.
दाबताना कंबर सीटवरून बोटभर घसरली
आणि पेडल तळाच्या बोटभर अलीकडे थांबलं.
अर्धं दाबायचं, अर्धं सोडायचं,
उरलेलं प्लेटनं जळून भरून द्यायचं.

"सीट समोर काऊन नाही घेतली?"
"सरकते?"

इंदूरच्या माणसाकडून घेतलेली गाडी,
तो माणूस सहा फूट.
"मला वाटलं," यशोवर्धन म्हणाला,
"असल्या गाडीत असंच बसतात."

खाली हात घातला. दांडी गच्च.
रुळात बडीशेपेची पुडी, एक नाणं, खारकेची बी,
सगळं त्या सहा फुटाचं.
काढलं. ग्रीसचं बोट फिरवलं.
खट्. खट्.
जरा जोर लावून, खट्.

पोरं हसली. एकदम लहान दिसायला लागला तो,
स्टिअरिंगजवळ, पहिल्या बाकावर बसवल्यासारखा.
कान लाल, हात परत दांडीकडे.
"थांब बे," मी म्हटलं. "आंदी पाय पाय."

त्यानं पाहिलं.
चवडा पुरता टेकलेला, गुडघा जरासा वाकलेला,
पेडल तळाला जाऊन गुमान बसलेलं.
त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा. कोणी न सांगता.

मी चौदाचा होतो तेव्हा गनीभाईंच्या ट्रकची सीट
बोल्टनं ठोकलेली, त्यांच्याच मापाला.
पेडलवर बाभळीचा ठोकळा तारेनं आवळून दिला त्यांनी.
"सीट काही हलत नाही. तूच वाढ."
वाढलो.
फोटोत डावा खांदा अजून खाली येतो,
डावी चप्पल उजवीच्या दोन महिने आधी जाते.
हिंगणघाटचा मोची काही विचारत नाही,
फक्त डाव्याला एक थर जास्त लावतो.

नागपूरहून प्लेट यायला तीन दिवस लागले.
बिलात प्लेट, बेअरिंग, मजुरी,
आणि शेवटी: सीट सरकवणे, दहा रुपये.
"हे कशाचे?"
"लक्षात राहाले."
दिले त्यानं. नोट घडी न करता.

मग गाडी रस्त्याला लागली, हिंगणघाटच्या दिशेनं.
पहिला पडला तो ऐकू आला.
दुसरा पडला, आवाज नाही.
तिसऱ्यापर्यंत कुत्री मागं धावली,
पानठेल्यापाशी थांबली, आणि परत फिरली.