रंगवायला घेतलेला फोटो

सुपडूअण्णांच्या स्टुडिओत मी मुली गोऱ्या करायचे.
युक्ती साधी:
निगेटिव्हवर पेन्सिलीनं जितकं काळं भराल
तितका कागदावर चेहरा उजळतो.
पहिल्या दिवशी हे ऐकून मी हसले.
अण्णांना कळेना, यात हसण्यासारखं काय.

यावल, सावदा, फैजपूर...
केळीच्या पट्ट्यातल्या उपवर मुली एस्टीनं भुसावळला येत,
पिशवीत शालू आणि पावडरचा डबा.
त्यांच्या आया काउंटरवर वाकून सांगत,
"ताई, नाकीडोळी नीटस आहे हो, फक्त..."
मग माझ्याकडे नीट बघत, आणि गप्प होत.
त्या 'फक्त'च्या पुढचं मी पेन्सिलीनं भरायचे.

माझं नाव ऑड्री डॉसन.
हे सांगितलं की लोक माझ्या मागे बघतात,
ऑड्री मागून येत असेल म्हणून.

बाप सिरिल डॉसन, मेलगाडीचा ड्रायव्हर.
आई गोजरा, अमळनेरकडची.
तिच्या तोंडात ऑड्री बसेना, तिनं आवडी केलं.
थोरली मॉरीन बापावर गेली, घारी, भुऱ्या केसांची.
बाजारात तिला पाहून भाव दुप्पट व्हायचा.
मग मी पुढे होऊन अहिराणीत भांडायचे,
वांगी निम्म्यात आणायचे.
भाजीवाली विचारी, "मडमनी कामवाली शे का व तू?"
मॉरीन रडायची.
मी सुटे पैसे मोजून घ्यायचे.

इन्स्टिट्यूटमधल्या नाताळात मात्र
बापालाच कोणीतरी खांद्यावर थापटून म्हणे,
"डॉसन, उन्हात फार फिरतोस."
तो हसायचा. घरी येताना शर्टाच्या बाह्या खाली ओढायचा.
रुळांच्या अलीकडे साहेब.
पलीकडे काय,
ते त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही.

एक तास तेवढा माझा होता.
ड्यूटीवरून तो यायचा काळाठिक्कर,
कोळशानं कपाळ, कान, मानेच्या घड्या भरलेल्या,
डोळे तेवढे पांढरे.
आई मोरीत पाणी विसणायला घेई
आणि मी लाल साबणाची वडी उचलून
ज्वारीच्या कणगीमागे लपवायचे.
मग त्याच्या मांडीवर चढून
आमचे दोन हात शेजारी ठेवायचे.
आई दारातून म्हणे, "देखा, कोनी पोर शे? तुमनीच शे."
तो हाक मारत राही, सोप, सोप,
मी कानावर हात ठेवून बसे.
साबण शेवटी सापडायचाच.

तो गेला तेव्हा मॉरीन पर्थला होती.
तिनं पत्रात लिहिलं, इथं मला इंडियन म्हणतात,
विचारतात, हे आडनाव खरं का.
बाबांचा फोटो रंगवून पाठव.
खरा रंग दे.

फोटो एकच, कृष्णधवल, शेडसमोरचा.
मी बशा मांडल्या. गुलाबी, पिवळट, विटकरी.
खरा कुठला?
बाजारातला, इन्स्टिट्यूटमधला,
की रेल्वेच्या दवाखान्यात शेवटी कावीळीनं आलेला?
तीन दिवस ब्रश कोरडा.
अण्णा म्हणाले, "गोरा करून टाक ना, तुझा हात बसलाय."

चौथ्या दिवशी टोपीला निळा दिला,
बटणांना पितळी,
मागच्या इंजिनाला थोडा गंज.
चेहरा होता तसा करडा राहू दिला,
आणि उजव्या कानामागे, मानेच्या घडीत,
अगदी बारीक ब्रशानं
काजळीची एक रेघ.

दीड महिन्यानं मॉरीनचं कार्ड आलं:
छान झालाय. फक्त
कानामागे काहीतरी डाग आहे,
पुसता येईल का?

मी उत्तर लिहिलं:
साबण सापडत नाहीये.